मंद उजेडातला पिस्तुलाचा सराव: गट का पसरतो आणि सुरुवात कुठून करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. रेंजवर पूर्ण उजेड असताना तुमचा १० मीटरवरचा पाच गोळ्यांचा गट, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, तळहाताएवढा बसतो. दिवे मंद केले की तोच गट ताटाएवढा होतो, आणि डाव्या हातात टॉर्च आली की गट म्हणावं असं काही उरतच नाही. म्हणून तुम्ही विचारताय की ट्रिटियमच्या साइट्स, म्हणजे अंधारात चमकणाऱ्या नेमखुणा, बसवाव्यात, भारीतली टॉर्च घ्यावी, की फक्त गोळ्यांची संख्या वाढवावी.

आत्ता यातलं काहीच करू नका. मी बरीच वर्षं रात्रीची सत्रं घेतो आहे. हीच तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं पिस्तूल ठीक असतं, आणि ट्रिगरवरचं बोटही ठीक असतं. अडतं ते दोन ठिकाणी. डोळा अंधारातही उजेडाच्या सवयीने वागत राहतो, आणि हात आजवर डोळ्यांच्या भरवशावर चाललेले असतात. मंद उजेडातला सराव हा मुख्यतः बघण्याचा आणि चाचपण्याचा सराव आहे. प्रत्यक्ष गोळी झाडणं हा त्यातला सगळ्यात छोटा भाग, आणि तो सगळ्यात शेवटी येतो.

आधी अंधाराचं माप घेऊ. १० मीटर एअर पिस्तुलाच्या रेंजवर टार्गेटवर किमान १५०० लक्स (पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजण्याचं एकक) उजेड असावा, असा आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचा नियम आहे. पौर्णिमेच्या स्वच्छ चांदण्यात जमिनीवर साधारण ०.१ ते ०.३ लक्स पडतो. दिवे मंद केलेली इनडोअर रेंज या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. म्हणजे तुमचा डोळा ज्या उजेडात शिकला त्याच्या शंभराव्या, कधी हजाराव्या हिश्शात तुम्ही त्याच्याकडून तेच काम मागताय.

डोळ्याच्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. शंकूपेशी साधारण ६० लाख, दंडपेशी साधारण १२ कोटी. रंग आणि बारकावे शंकूपेशींना कळतात, पण त्यांना उजेड भरपूर लागतो. दंडपेशींना अत्यल्प उजेडही पुरतो. मात्र त्या रंग ओळखत नाहीत आणि कडा धूसर दाखवतात. आपण ज्या बिंदूने टक लावून बघतो, तिथे दंडपेशी जवळजवळ नसतातच. गडद अंधारात हा मधला भाग चक्क आंधळा होतो, आणि १० मीटरवर त्याचा पसारा साधारण वीतभर भरतो. नवखा नेमबाज अंधारात टार्गेटवर डोळे रोखतो, टार्गेट विरघळल्यासारखं होतं, तो आणखी रोखून बघतो, ते आणखी विरघळतं. अशा वेळी नजर किंचित बाजूला, १० ते २० अंश वळवा आणि ती एका जागी गोठू देऊ नका. आकार परत उमटतो. हे वाचून पटत नाही, करून बघितल्यावर पटतं. त्यासाठी पिस्तूलही लागत नाही: रात्री दिवा घालवलेल्या खोलीत खुर्चीच्या पाठीकडे बघत बसा.

दुसरी गोष्ट बाहुलीची. भर उजेडात ती २ मिलिमीटरच्या आसपास आकसलेली असते, अंधारात तरुण माणसाची ७ ते ८ मिलिमीटरपर्यंत उघडते. बाहुली मोठी झाली की जवळचं आणि लांबचं एकाच वेळी रेखीव दिसणं कमी होतं. दिवसा फ्रंट साइट (पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरची नेमखूण) स्पष्ट आणि टार्गेट थोडंसं धूसर दिसायचं. आता साइट धूसर आणि टार्गेट त्याहून धूसर. वय वाढतं तशी बाहुली उघडतेही कमी, म्हणजे पन्नाशी-साठीतल्या नेमबाजाला तोच अंधार जास्त गडद वाटतो. काहींना अंधारात लांबचं दिसण्यात थोडा नंबर वाढल्यासारखा फरक पडतो. तुम्ही चष्मा लावत असाल आणि नंबर दोन-तीन वर्षांत तपासला नसेल, तर साइट्सवर खर्च करण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. गट पसरल्याची तक्रार नव्या चष्म्याने मिटलेली मी पाहिली आहे.

डोळे अंधाराला सरावायला वेळ घेतात. शंकूपेशी ५ ते १० मिनिटांत सावरतात, दंडपेशींना २० ते ३० मिनिटं लागतात, कधी त्याहून जास्त. एवढ्या वेळाने मिळालेलं हे भांडवल मोबाइलच्या स्क्रीनकडे एकदा बघितलं की काही सेकंदांत जातं. म्हणून माझ्या सत्रात पहिली २० मिनिटं कोणी पिस्तुलाला हात लावत नाही. मंद उजेडात बसून नियम ऐकायचे, फोन बंद. मॅगझिन (काडतुसांची पेटी) भरायला लाल दिवा वापरायचा, कारण दंडपेशी लाल प्रकाशाला फारशा दाद देत नाहीत. एक सूचना मात्र लक्षात ठेवा: लाल उजेडात कागदावरची लाल खूण दिसत नाही. लाल शाईने छापलेलं टार्गेट असेल तर आधी तपासून घ्या.

आता तुमच्या हातांकडे. घरी, रिकाम्या पिस्तुलाने एक चाचणी करा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मॅगझिन काढा, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढून अडकवा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) डोळ्यांनी बघा, मग करंगळीचं टोक घालून चाचपा. मॅगझिनचं विवरही बोटाने चाचपा. हे सगळं एकदा उजेडात आणि एकदा डोळे मिटून करा, कारण रात्री रेंजवर पिस्तूल रिकामं आहे हे तुम्हाला बोटानेच खात्रीने कळलं पाहिजे. नळी अशा भिंतीकडे असू द्या जी खरी गोळीही अडवेल. आता भिंतीवरच्या एका खुणेकडे बघा, डोळे मिटा, पिस्तूल नेहमीसारखं समोर आणा, आणि मगच डोळे उघडा. साइट्स एका रेषेत आहेत का? फ्रंट साइट दर वेळी डावीकडे किंवा वर दिसत असेल, तर तुमच्या ताटाएवढ्या गटाचं कारण सापडलं. दिवसा डोळा ही चूक शेवटच्या क्षणी दुरुस्त करत होता. अंधारात त्याला दुरुस्त करायला काही दिसत नाही. मग तुम्ही साइट शोधत बसता, दंड थकतो, आणि साइट दिसली रे दिसली की ट्रिगर हिसकला जातो.

उपाय कंटाळवाणा आहे आणि हमखास आहे. रोज १० मिनिटं हीच कृती, साधारण २० वेळा. पकड, कोपर, पावलं थोडीथोडी बदलत जा, जोवर डोळे उघडल्यावर साइट्स आपोआप जुळलेल्या दिसत नाहीत. एक आठवडा पूर्ण उजेडात, पुढचा मंद उजेडात. तिसऱ्या आठवड्यापासून डमी राउंड (न उडणारी, सरावाची खोटी काडतुसं) घेऊन मॅगझिन बदलण्याचा सराव अंधारात करा: तर्जनी मॅगझिनच्या पुढच्या कडेवर, टोकाशी वरच्या गोळीचं नाक बोटाला लागलं पाहिजे; ते लागलं की मॅगझिन सुलट आहे. पिस्तूल अडलं तर काय अडलंय हेही हातानेच ओळखायला शिका. स्लाइड पूर्ण मागे अडकली आहे, अर्धवट थांबली आहे की नीट पुढे आली आहे, या तीन अवस्था अंगठ्याला आणि तळव्याला वेगवेगळ्या जाणवतात. जोडीदाराला डमी राउंड मधेच घालायला सांगा, म्हणजे अडथळा कधी येणार हे तुम्हाला कळणार नाही.

टॉर्चचा तिढा वेगळा आहे. टॉर्च हातात आली की गट नाहीसा होतो, असं तुम्ही लिहिलंत. त्यातला बराचसा दोष टॉर्चचा नाहीच. पूर्ण उजेडात, टॉर्चशिवाय, फक्त उजव्या हाताने पाच गोळ्या झाडून बघा. बहुतेकांचा एकहाती गट दोन्ही हातांच्या गटापेक्षा कितीतरी मोठा असतो, आणि त्यांना ते माहीतच नसतं, कारण एका हाताने ते कधी झाडत नाहीत. हातात टॉर्च धरून केलेली नेमबाजी जवळजवळ एकहातीच असते. आधी एकहाती पकड पक्की करा: अंगठा दाबून, खांदा किंचित पुढे, मनगट कडक. टॉर्च नंतर.

टॉर्च धरण्याच्या पद्धती अनेक आहेत. मी दोनच शिकवतो. पहिली गळ्याजवळची. टॉर्च मुठीत, झोत करंगळीच्या बाजूने, मूठ जबड्याखाली मानेशी टेकलेली. डोकं वळेल तिकडे उजेड वळतो, आणि मागून येणारा झोत साइट्सवरही पडतो, त्यामुळे त्या ठळक दिसतात. शिकायला ही सर्वांत सोपी. तोटा असा की पिस्तुलाच्या मागच्या बाजूवरून थोडा उजेड उलटून डोळ्यांत येतो. दुसरी हॅरीज पद्धत. अमेरिकेतले मायकेल हॅरीज यांच्या नावाने ती ओळखली जाते. यात टॉर्चचा हात पिस्तुलाच्या हाताखालून जातो आणि दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींवर दाबल्या जातात. त्या दाबाने आधार मिळतो, पण दंड लवकर थकतो. यातला क्रम जिवावर बेतणारा आहे, म्हणून नीट वाचा: आधी पिस्तूल पूर्ण पुढे, मग टॉर्चचा हात खालून. उलट केलंत तर तुमचं मनगट तुमच्याच नळीसमोरून जातं. ही पद्धत रिकाम्या पिस्तुलाने निदान दोनशे वेळा केल्याशिवाय मी कोणाला भरलेलं पिस्तूल देत नाही. हात बाजूला लांब ताणून झोत अंगापासून दूर ठेवण्याची पद्धतही आहे, पण तिच्यात झोत टार्गेटवर स्थिर ठेवणं अवघड जातं, आणि नवख्याला तिचा उपयोग कमी.

कुठलीही पद्धत घ्या, एक शरीरधर्म ध्यानात ठेवा. एका हाताची बोटं आवळली की दुसऱ्या हाताची बोटंही नकळत आवळतात. डाव्या अंगठ्याने टॉर्चचं बटण दाबताना उजव्या हाताचं बोट ट्रिगरवर असेल, तर ते दाबलं जाऊ शकतं. म्हणून उजेड पाडताना बोट ट्रिगरच्या वर, फ्रेमवर (पिस्तुलाच्या सांगाड्यावर) सरळ असावं, आणि झाडण्याचा निर्णय झाल्यावरच ट्रिगरवर यावं. बटणही असं हवं की दाबून धरलं तोवर उजेड, सोडलं की अंधार. एकदा दाबल्यावर चालूच राहणारी आणि पुढच्या दाबाला लुकलुकायला लागणारी टॉर्च या कामाला घेऊ नका.

पिस्तुलावरच बसणारा दिवा याहून सोपा वाटतो, आणि नेमाच्या दृष्टीने तो सोपा आहेच, कारण दोन्ही हात पकडीला मिळतात. पण त्या दिव्याने काहीही बघायचं म्हणजे त्या वस्तूकडे नळी रोखायची. जे अजून ओळखलंच नाही, त्याच्याकडे भरलेली नळी रोखणं मला कुठल्याही कारणाने मान्य नाही. पिस्तुलावर दिवा असला तरी शोधायला आणि ओळखायला हातातली वेगळी टॉर्च हवीच.

ओळखणं हा या साऱ्याचा गाभा आहे, म्हणून इथे थोडं थांबतो. माझ्या शिकाऊ काळात एका रात्रीच्या सत्रात प्रशिक्षकांनी ७ मीटरवर माणसाच्या आकाराची चार टार्गेट्स लावली होती. हातांत काय आहे ते चित्रात दाखवलं होतं. मी झोत टाकला, हातात काळं काहीतरी दिसलं, आणि दोन गोळ्या झाडल्या. दोन्ही छातीच्या मधोमध, बोटभर अंतरावर. दिवे लागल्यावर दिसलं की चित्रातल्या माणसाच्या हातात फोन होता. त्या रात्रीचा माझा तो सर्वोत्तम गट होता. त्या गटाची आठवण आजही मला अस्वस्थ करते, आणि तेव्हापासून मी अंधारातला कुठलाही सराव 'कोणावर झाडायचं नाही' हा प्रश्न घातल्याशिवाय घेतलेला नाही. आपलं टार्गेट काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करा, हा अमेरिकन पिस्तूल-प्रशिक्षक जेफ कूपर यांच्या चार सुरक्षा नियमांपैकी चौथा नियम. उजेडात तो पाळायला काही लागत नाही, म्हणून लोक तो पाठ म्हणतात आणि पुढे जातात. अंधारात तो पाळायला कौशल्य लागतं.

त्यासाठी मी वापरतो ती कृती अशी. पाच टार्गेट्स लावा, त्यांपैकी निदान तीन न झाडण्याची. कोणतं कुठे आहे ते जोडीदार ठरवेल आणि तुम्हाला सांगणार नाही. पिस्तूल खाली, बोट फ्रेमवर. झोत टाका, आधी हात बघा, मग पूर्ण आकृती, मग मागची बाजू. जे दिसलं ते मोठ्याने बोला: "फोन", "टॉर्च", "रिकामा हात". बोलल्यानंतरच निर्णय. बोलण्याने गती कमी होते, आणि ती व्हायलाच हवी. काही आठवड्यांनी मोठ्याने बोलणं थांबलं तरी मनातलं बोलणं टिकतं. पहिले दोन महिने ही कृती ड्राय फायरमध्येच, म्हणजे रिकाम्या पिस्तुलानेच करा.

उपकरणांबद्दल आता पटकन सांगतो. ट्रिटियमच्या साइट्स म्हणजे काचेच्या बारीक नळीत भरलेला किरणोत्सारी वायू आणि आतून चमकणारा लेप. बॅटरी लागत नाही. मात्र ट्रिटियमचा अर्धायुष्यकाळ १२.३ वर्षं आहे, म्हणजे तेवढ्या काळात चमक निम्म्यावर येते. त्या तुम्हाला पिस्तूल कुठे आहे ते दाखवतात, टार्गेट काय आहे ते दाखवत नाहीत. आणि टॉर्च लावली की उजळलेल्या टार्गेटसमोर साध्या काळ्या साइट्सही छान उठून दिसतात. रेड डॉट (काचेत चमकता ठिपका दाखवणारी बॅटरीची साइट) असेल तर ठिपक्याची चमक कमी करा. अंधारात तेज ठिपका फुटून टार्गेट झाकतो. चमक आपोआप बदलणाऱ्या डॉटमध्ये एक खोच आहे: तो तुम्ही उभे आहात तिथला अंधार मोजतो आणि ठिपका मंद करतो, पण तुमचा झोत पडलेलं टार्गेट लख्ख असतं, त्यामुळे ठिपका त्यात बुडून जातो. असा डॉट असेल तर हाताने चमक ठरवा.

टॉर्च घेताना फक्त लुमेन बघू नका. लुमेन म्हणजे एकूण प्रकाश. झोत मधोमध किती तीव्र आहे ते कँडेलात कळतं. कँडेलाला मीटरमधल्या अंतराच्या वर्गाने भागलं की टार्गेटवरचे लक्स मिळतात. १०,००० कँडेलाची टॉर्च ५ मीटरवर ४०० लक्स देते, १० मीटरवर १००, २० मीटरवर २५. रेंजवरच्या अंतरांना एवढा उजेड पुरतो. बंद जागेत फार तेज टॉर्च पांढऱ्या भिंतीवरून उलटून तुम्हालाच दिपवते.

प्रत्यक्ष गोळ्यांच्या सत्राला रेंजची परवानगी आणि रेंज ऑफिसर हवाच. एकट्याने, चोरून, संध्याकाळी उशिरा रेंजच्या टोकाला जाऊन हा सराव करू नका. प्रत्येकाच्या पाठीवर चमककांडी लावलेली असावी, म्हणजे कोण कुठे उभा आहे ते दिसतं. एका वेळी एकच नेमबाज. चष्मा पारदर्शक, रंगीत काच नको. 'सीझ फायर' (गोळीबार थांबवा) असा हुकूम झाल्यावर दिवे लागतात तेव्हा सगळ्यांचे डोळे दिपलेले असतात. १० सेकंद कोणी जागचं हलायचं नाही, पिस्तूल होल्स्टरमध्ये घालायचं नाही. होल्स्टरमध्ये घालताना घाई नको, आत कपड्याची कड अडकली नाही ना ते उजेडात बघून घ्या. मॅगझिन बदलायला हात मोकळा हवा असेल तर टॉर्च आधी बंद करून मगच काखेत धरा, नाहीतर झोत भलतीकडे फिरतो.

पहिल्या गोळीला नळीच्या तोंडाशी मोठी चमक दिसली तर दचकू नका. न जळलेली दारू आणि तापलेले वायू बाहेरच्या हवेत पेटतात, त्याची ती चमक. नळी आखूड असेल तर ती मोठी असते, आणि काडतुसागणिक फरक पडतो. काही दारूंमध्ये चमक कमी करणारे क्षार असतात. वापरणार असाल तीच काडतुसं थोडी तरी अंधारात झाडून बघा. त्या चमकेचा एक फायदाही आहे. त्या क्षणी साइट्स कुठे होत्या ते छायाचित्रासारखं डोळ्यांत उमटतं. गोळी कुठे गेली ते कागद बघण्याआधी सांगायचा प्रयत्न करा. ज्यांना काहीच दिसलं नाही त्यांनी डोळे मिटले होते, आणि हे त्यांना दिवसा कधी कळलं नव्हतं.

इनडोअर रेंजवर टॉर्चच्या झोतात धूर पांढऱ्या पडद्यासारखा दिसतो. दोन-तीन गोळ्यांनंतर झोत बंद करून अर्धं पाऊल सरकलं की पुन्हा स्पष्ट दिसतं. त्या धुरात शिशाचे कण असतात. हवा खेळती नसेल तर सत्र थांबवा, आणि नंतर काही खाण्याआधी हात-तोंड साबणाने धुवा.

तुमच्यासाठी क्रम असा लावतो. पहिला महिना घरी रिकाम्या पिस्तुलाने. मग रेंजवर पहिल्या सत्राला ३० काडतुसं न्या, जास्त नको. डोळे थकले की वाईट सवयीच लागतात. दहा मंद उजेडात दोन्ही हातांनी, टॉर्चशिवाय, ५ मीटरवर. पाच पूर्ण उजेडात एकहाती. दहा टॉर्चसह, प्रत्येक वेळी झोत, ओळख, एकच गोळी, झोत बंद. अशी सहा-आठ सत्रं झाल्यावरही साइट दिसत नसेल तर ट्रिटियमचा विचार करू. उरलेली पाच काडतुसं शेवटी दिवे पूर्ण लावून, १० मीटरवर, दोन्ही हातांनी सावकाश झाडा. त्या कागदावर तारीख टाका आणि जपून ठेवा. दोन महिन्यांनी मंद उजेडातला १० मीटरचा गट त्याच्याशेजारी ठेवून बघायचा आहे.